आनंदीबाईंचे फिलाडेल्फियातील तीन हिवाळे

मुंबईला शिक्षिका असताना सातवीच्या वर्गाला आम्ही दर वर्षी डॉक्टर आनंदीबाई जोशी यांची गोष्ट सांगत असू. पुस्तकात धडा असो वा नसो, एक तास त्यासाठी राखून ठेवलेला असे. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल, ते मूल दहा दिवसांत गेले, अठराव्या वर्षी समुद्र ओलांडला आणि वयाची एकवीस वर्षे पुरी होण्याच्या आत अमेरिकेची एम.डी. पदवी हाती आली. फळ्यावर सनावळी लिहून होते न होते तोच घंटा वाजायची.

एके वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, तिकडे तिला स्वयंपाक कोण करून देत होतं?" सारा वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि तिला खाली बसवले. ती मुलगी सकाळी घरच्या सगळ्यांच्या भाकऱ्या भाजून शाळेत येत असे, हे आम्हाला ठाऊक होते. तरीही तिने काय विचारले हे त्या दिवशी आमच्या ध्यानात आले नाही. आता सत्तरी उलटल्यावर, अमेरिकेत राहणाऱ्या भाचीकडे दोन महिने काढून आल्यावर, त्या प्रश्नाचे उत्तर लिहावे असे वाटते.

आपल्या वाचकांना प्रथम एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी पोस्टात नोकरीला होते. कल्याणहून त्यांची बदली अलिबागला झाली आणि काही काळ हे जोडपे अलिबागला राहिले. आपली इस्राएल आळी जिथे आहे, १८४८ साली बांधलेली आपली मागेन आबोथ मशीद जिथे उभी आहे, त्याच गावात या मुलीची शिकवणी चालू होती. आमच्या आजोळी अलिबागच्या कितीतरी गोष्टी सांगत. ही मात्र कोणी सांगितली नाही.

गोपाळराव मोठे विलक्षण गृहस्थ. बायकोपेक्षा वीसेक वर्षांनी मोठे, बिजवर, आणि बायकोला शिकवायचेच या एका ध्यासाने झपाटलेले. त्या काळी बायको पुस्तक घेऊन बसली आणि चूल तशीच राहिली तर नवरा हात उगारायचा. आमच्या या गृहस्थांनी ती अभ्यास सोडून स्वयंपाकघरात सापडली म्हणून तिला मारले, असे सांगतात. या गोष्टीवर लोक हसतात. आम्हीही वर्गात ती हसवण्यासाठीच सांगत होतो. पण पुढे अमेरिकेतून आनंदीबाईंनी नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात लहानपणी खाल्लेल्या या माराचा हिशेब आहे. कोणत्या वयात लाकडाने मारलेत, कोणत्या वयात पुस्तके फेकून मारलीत, कोणत्या वयात सोडून जाण्याची धमकी दिलीत, हे एकेक त्यांनी मांडले आहे. पत्राचा सूर शांत आहे. ते वाचल्यावर आम्हाला तो विनोद पुन्हा सांगता आला नाही.

अमेरिकेचा धागा जुळला तो असा. गोपाळरावांनी कोल्हापूरच्या अमेरिकन मिशनऱ्यांना पत्र लिहिले की, पत्नीला अमेरिकेत शिकवायचे आहे आणि आपल्यालाही तिकडे काही काम मिळावे. कोल्हापूरला पूर्वी काम केलेले रॉयल वाइल्डर हे पाद्री तेव्हा प्रिन्स्टनहून एक मिशनरी मासिक चालवीत. त्यांनी तो पत्रव्यवहार छापला. उत्तर असे की, ख्रिस्ती व्हा, मग मदतीचे पाहता येईल. जोडप्याने नकार दिला.

हा प्रसंग आपल्या समाजाला परका नाही. गॉर्डन हॉल हे अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले आणि पुढे त्या मिशनने ज्या मराठी शाळा काढल्या, त्यांत बेने इस्राएल मुले शिकली आणि आपली काही माणसे शिक्षक म्हणूनही लागली. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रू व्याकरण मराठीतून छापले, तेही आपल्याच लोकांसाठी. आपल्या पूर्वजांनी त्या शाळांतून अक्षर घेतले, शास्त्र वाचले आणि धर्म मात्र आपला ठेवला. पुढे १८७५ साली हाईम सॅम्युएल केहीमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी समाजाची स्वतःची शाळा काढली, ती मोठी होऊन सर एली कदूरी शाळा झाली. तेव्हा देणाऱ्याचा हात धरायचा आणि त्याच्या मागे मात्र जायचे नाही, ही कसरत काय असते ते आपल्या घराण्यांना पिढ्यान्पिढ्या माहीत आहे. एकट्या अठरा वर्षांच्या मुलीला ती परमुलखात करायची होती, एवढाच फरक.

वाइल्डर यांच्या मासिकाचा तो अंक १८८० साली न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर या बाईंच्या हाती पडला. दाताच्या डॉक्टरकडे खोळंबून बसल्या असताना त्यांनी तो चाळला, असे सांगतात. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. त्यात धर्माची अट नव्हती. दोघींचा पत्रव्यवहार वाढत गेला, आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. इकडे आनंदीबाईंची प्रकृती बरी नसे. डोकेदुखी, बारीक ताप, अशक्तपणा अशी काही ना काही तक्रार लागलेलीच होती. ही गोष्ट लक्षात ठेवावी. त्या धडधाकट होत्या आणि अमेरिकेने त्यांना आजारी केले, असे झालेले नाही. घरून निघतानाच त्यांच्या अंगात ताकद कमी होती.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी भाषण करून आपण अमेरिकेस का जातो ते सांगितले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असेही सांगितले. (हे श्रीरामपूर कलकत्त्याजवळचे, नगर जिल्ह्यातले नव्हे. आमच्या वर्गात दर वर्षी कोणी तरी ही चूक करी.) बांगड्या विकून तिकिटाचे पैसे जमवले. ७ एप्रिलला कलकत्त्याहून जहाजात पाऊल ठेवले आणि ४ जूनला त्या न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या. गोपाळराव मागे राहिले. कार्पेंटरबाई धक्क्यावर आल्या होत्या.

तो उन्हाळा रोझेलला गेला. कार्पेंटर कुटुंबाच्या घरात आनंदीबाईंनी एकदा पाहुण्यांना आपल्या पद्धतीचे जेवण रांधून घातले, त्याचे वर्णन त्यांच्या चरित्रात आहे. घरात माणसे होती, मुले होती, कामाला हात होते, जेवण वेळेवर होते. आनंदीबाईंच्या अमेरिकेतल्या वास्तव्यातले हेच काय ते सुखाचे महिने म्हणावे लागतील.

ऑक्टोबरात कॉलेज सुरू झाले. फिलाडेल्फियाचे विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेन्सिल्व्हेनिया हे १८५० साली बायकांसाठीच काढलेले कॉलेज. शेजारीच बायकांनी चालवलेले हॉस्पिटल होते, त्यामुळे विद्यार्थिनींना रोगी पाहायला मिळत. डीन रेचल बॉडली या रसायनशास्त्राच्या अध्यापिका होत्या. आनंदीबाईंना शिष्यवृत्ती मिळाली आणि तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. शरीरशास्त्र, रसायन, औषधीविज्ञान, प्रसूतिशास्त्र हे सारे इंग्रजीतून, आणि इंग्रजी ही आठ-नऊ वर्षांपूर्वी मुळाक्षरांपासून शिकलेली भाषा.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. स्वयंपाक कोण करीत होते? आनंदीबाई स्वतःच करीत होत्या.

त्या शाकाहारी होत्या आणि तसेच राहायचे असा निश्चय करून आल्या होत्या. बाहेर खाणावळीत जे मिळे त्यात मांस असायचे किंवा चरबी तरी असायची. आपल्यापैकी जे सुरुवातीच्या काळात परदेशी गेले आणि कोशेर मिळेना म्हणून पावअंड्यावर दिवस काढले, त्यांना हे समजावून सांगायला नको. दिवसभर व्याख्याने, विच्छेदनाची खोली, हॉस्पिटल, मग खोलीवर येऊन शेगडी पेटवणे, काही तरी शिजवणे, भांडी घासणे आणि त्यानंतर पुस्तक उघडणे, असा त्यांचा दिवस होता. त्यात त्या पहिल्या खोलीची शेकोटी बिघडलेली होती. पेटवली की खोलीभर धूर, विझवली की गारठा. फिलाडेल्फियाचा हिवाळा म्हणजे बर्फ. कल्याण-अलिबागच्या मुलीला धूर आणि थंडी यांतून रोज रात्री एकाची निवड करावी लागे आणि तशा स्थितीत हाडांची नावे पाठ करावी लागत.

नऊवारी नेसून त्या थंडीत निभाव लागेना. पाय उघडे पडतात म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. तेवढ्यासाठीही घरी काय वाटेल हा विचार होताच. आज कोणाला हे क्षुल्लक वाटेल. आमच्या पिढीतल्या ज्या बायका लोद आणि दिमोनाच्या थंडीत साडीखाली पायजमा घालून कामाला गेल्या, त्यांना तसे वाटणार नाही.

आणि तिसरे ओझे होते पत्रांचे. गोपाळरावांची पत्रे नियमाने येत. कधी प्रोत्साहन, कधी उपदेश आणि कधी संशय, की तू बदललीस, तिकडच्यांसारखी झालीस. पत्र जहाजाने जाणार, त्याला महिन्याहून अधिक लागणार, तितकाच काळ उत्तराला. म्हणजे एका आरोपाचे निरसन होऊन समाधानाचा शब्द परत यायला अडीच-तीन महिने. तोवर परीक्षा होऊन जाई. आनंदीबाई प्रत्येक पत्राला सविस्तर उत्तर देत. त्यांची पत्रे काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या मराठी चरित्रात आहेत. ती वाचताना आम्ही शिक्षकी सवयीने मनात वेळापत्रक मांडू लागलो, तर दिवसाचे तास पुरेनात. ही एवढी पत्रे त्यांनी झोपेतून वेळ काढूनच लिहिली असणार.

लोक विचारतात, गोपाळराव चांगले की वाईट? आम्हाला हा प्रश्न फारसा उपयोगाचा वाटत नाही. ते नसते तर आनंदीबाई अक्षरओळखीपलीकडे गेल्या नसत्या, हे खरे. बायकोने शिकावे यासाठी त्यांनी जन्मभर लोकांच्या शिव्या खाल्ल्या, हेही खरे. पण तिचे ओझे कमी करावे, एखादे काम आपल्या अंगावर घ्यावे, निदान पत्रातून तिच्या जिवाला विसावा द्यावा, असे त्यांच्या मनात आलेले दिसत नाही. ते काम परक्या देशातल्या दोन बायकांनी केले. रोझेलच्या मावशींचे घर सुट्टीत उघडे असे आणि डीन बॉडली कॉलेजात त्यांच्यावर लक्ष ठेवून असत.

त्या कॉलेजातले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे, १० ऑक्टोबर १८८५ रोजी काढलेले. तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या साबात इस्लामबुली. या साबातबाई ज्यू घराण्यातल्या, असे त्यांच्याविषयी लिहिणारे सांगतात. म्हणजे एका मराठी ब्राह्मण मुलीच्या शेजारी, फिलाडेल्फियात, पूर्वेकडून आलेली एक ज्यू मुलगी बसलेली आहे. आम्ही हे चित्र प्रथम पाहिले तेव्हा बराच वेळ तिच्याचकडे पाहत राहिलो. तिच्यासमोरही शाब्बाथ आणि खाण्यापिण्याचे तेच प्रश्न आले असतील काय, कोणास ठाऊक. ओकामी नवऱ्याबरोबर अमेरिकेत आल्या होत्या. त्या १८८९ साली आणि साबात १८९० साली पदवीधर झाल्या, आणि दोघीही आपापल्या देशी परतून डॉक्टर म्हणून जगल्या. तिघींपैकी सर्वांत आधी परीक्षा पुरी केली ती आनंदीबाईंनी.

११ मार्च १८८६ रोजी पदवीदान झाले. प्रबंध हिंदू लोकांतील प्रसूतिशास्त्रावर होता. ज्या मुलीचे पहिले मूल उपचारावाचून गेले तिने हा विषय घ्यावा, हे वेगळे सांगायला नको. गोपाळराव एव्हाना अमेरिकेत येऊन पोहोचले होते आणि भाषणे देत फिरत होते. पंडिता रमाबाई या समारंभासाठी इंग्लंडहून आल्या. सभागृहात टाळ्या पडल्या. आमचा वर्गातला तास इथेच संपत असे.

पुढचे वर्ष मात्र आम्ही एका वाक्यात उरकत होतो. पदवीनंतर अनुभव घेण्यासाठी आनंदीबाई बॉस्टनच्या बायकामुलांच्या हॉस्पिटलात गेल्या. तिथले काम त्यांच्या अंगाला झेपेना. खोकला, ताप, क्षय. कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाची जागा देऊ केली होती, म्हणून ९ ऑक्टोबर १८८६ ला त्या न्यूयॉर्कहून निघाल्या आणि १६ नोव्हेंबरला मुंबईस पोहोचल्या. कोल्हापूरला रुजू होणे झालेच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या, बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. रमाबाईंनी त्याच वर्षी अमेरिकेत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर जे इंग्रजी पुस्तक काढले, त्याची प्रस्तावना रेचल बॉडली यांची आहे. त्याच पुस्तकाच्या विक्रीतून शारदा सदनाला हातभार लागला.

त्यानंतर पाचच वर्षांनी, १८९२ साली, त्याच कॉलेजातून गुरुबाई करमरकर डॉक्टर झाल्या. त्या ख्रिस्ती होत्या. नवरा सुमंतराव त्याच काळात अमेरिकेत धर्मशास्त्र शिकत होता. परत येऊन त्यांनी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनमध्ये वीस वर्षांहून अधिक काळ रोगी तपासले. त्यांचे नाव आज किती जणांना माहीत आहे? नाटक-कादंबरी-सिनेमा त्यांच्यावर निघाला नाही. अभ्यास पुरा करून जगलेल्या, काम केलेल्या बाईची गोष्ट आपल्याला सांगावीशी वाटत नाही, हे आम्हाला शिक्षिका म्हणून खटकते.

आपल्या समाजाच्या डॉक्टर जेरुशा झिराड यांचे उदाहरण तर घरचेच. लहानपणी थोरली बहीण कामा हॉस्पिटलमध्ये बरी झालेली पाहून त्यांनी डॉक्टर व्हायचे ठरवले. पुण्याला हुजूरपागेत शाळा, १९१२ साली ग्रँट मेडिकल कॉलेजची परीक्षा. विलायतेत शिकायला सरकारी शिष्यवृत्ती हवी होती, पण ती बायकांना मिळत नसे. टाटांकडून कर्ज घेऊन त्या गेल्या आणि मग सरकारलाही शिष्यवृत्ती द्यावी लागली. महायुद्धात लंडनचे पुरुष डॉक्टर आघाडीवर गेलेले, त्यामुळे तिथल्या हॉस्पिटलात त्यांना काम मिळाले, आणि काम करीत करीत १९१९ साली त्यांनी लंडनची एम.डी. मिळवली. १९२८ ते १९४७ त्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या. १९६६ साली पद्मश्री. आपल्या कितीतरी वाचकांचा जन्म त्यांच्याच देखरेखीखाली झाला असेल. त्या अविवाहित राहिल्या. आम्ही मुली होतो तेव्हा थोरली माणसे याबद्दल हळहळत, "एवढी शिकली पण संसार नाही." संसार करून हे सारे जमले असते का, असे मात्र त्यांच्यापैकी कोणी विचारल्याचे आठवत नाही.

इथे थोडे स्वतःविषयी लिहितो, कारण त्यावाचून मुद्दा अपुरा राहील. अलिया करून इकडे आलो तेव्हा मुंबईचे शिक्षिकेचे प्रमाणपत्र पुरेसे नाही, असे आम्हाला सांगण्यात आले. आधी उल्पान, मग हिब्रूतून परीक्षा. सकाळी कारखान्यात पाळी, संध्याकाळी वर्ग, रात्री अभ्यास, दोन मुले लहान. पहिल्या खेपेस नापास झालो. एका कचेरीत आमचे कागद हरवले आणि ते पुन्हा मुंबईहून मागवण्यात वर्ष गेले. दुसऱ्या खेपेस पास झालो. पुढे शाळेत आमचा सत्कार झाला तेव्हा आम्ही जिद्दीवर भाषण केले. त्या भाषणात सासूबाईंचे नाव नव्हते. ती सगळी वर्षे त्यांनीच चूल सांभाळली, मुलांना न्हाऊमाखू घातले, शुक्रवारी संध्याकाळी दिव्यापाशी आम्ही पुस्तक घेऊन बसलो तर मुलांना बाहेर नेले. त्यांना वाचता येत नव्हते. गावाहून त्यांच्या बहिणीची पत्रे येत, ती वाचून दाखव म्हणत. आम्ही म्हणायचो, "परीक्षा झाल्यावर, आई." परीक्षेच्या निकालानंतर आठ महिन्यांत त्या गेल्या. तीन पत्रे पाकिटात तशीच होती.

तेव्हा स्वयंपाक कोण करीत होते, या प्रश्नाला आमच्या घरी उत्तर होते. आम्ही ते दिले नाही इतकेच.

अमेरिकेत आता काळ बदलला आहे. १९६५ च्या कायद्याने आशियातून येणाऱ्यांसाठी दार उघडले आणि त्यानंतर मराठी डॉक्टर, परिचारिका, इंजिनियर घरेच्या घरे तिकडे गेली, त्यांत आपली काही कुटुंबेही आहेत. पण बाहेरून शिकून आलेल्या डॉक्टरला तिकडची परीक्षा देऊन पुन्हा उमेदवारी करावी लागे, आणि ती उमेदवारी म्हणजे सलग दीडदीड दिवस जागरण. शिकणाऱ्याच्या शरीराचाही काही हिशेब असतो, हे तिथल्या कायद्याला कळायला एक मृत्यू व्हावा लागला. मार्च १९८४ मध्ये, म्हणजे आनंदीबाईंच्या पहिल्या हिवाळ्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलात लिबी झायन नावाची अठरा वर्षांची मुलगी एका रात्रीत गेली. तिच्यावर उपचार करणारे शिकाऊ डॉक्टर किती तास जागे होते आणि किती रोगी एकाच वेळी पाहत होते, हा प्रश्न तिच्या पत्रकार वडिलांनी लावून धरला. १९८९ साली न्यूयॉर्क राज्याने शिकाऊ डॉक्टरांच्या कामाला आठवड्याला ८० तासांची आणि सलग २४ तासांची मर्यादा घातली. आठवड्याच्या ८० तासांचा नियम २००३ पासून साऱ्या देशाला लागू झाला. ऐंशी तास म्हणजेही थोडे नव्हेत. पण आकडा तरी लिहिला गेला. घरी बसून अभ्यास करणाऱ्या बाईच्या तासांना असा आकडा नाही.

आमची भाची परिचारिका. इथे शिकली, इथे काम केले, लग्नानंतर न्यू जर्सीला गेली. तिकडे राज्याचा परवाना हवा, त्यासाठी आधी जुन्या कागदपत्रांची तपासणी आणि मग संगणकावरची परीक्षा. त्या परीक्षेत उमेदवाराच्या उत्तरांवरून पुढचे प्रश्न सोपे-अवघड होत जातात, त्यामुळे बाहेर पडताना काय झाले ते कळत नाही. ती एका वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून रात्रपाळी करीत होती. मुलगा पाच वर्षांचा, मुलगी दोन. जावई भला माणूस, पण त्याचीही पाळी. आम्ही गेलो तेव्हा ती स्वयंपाकघरात उभी राहून भाजी चिरत होती आणि समोर औषधांच्या नावांची चिठ्ठी चिकटवलेली होती. फोनवर तिने कधी काही सांगितले नव्हते. आपल्यात असे सांगायची पद्धत नाही. कोणी विचारले की, "सगळं छान."

पहिल्याच दिवशी आम्ही तिच्या हातातली सुरी काढून घेतली. दोन महिने डाळ-भात, बोंबलाचे कालवण, शुक्रवारी हल्ला आणि चिकची बिरडी, हे सारे आमच्याकडे. मुलीला झोपवणेही आमच्याकडे. ती रात्रपाळीहून आली की चार तास झोपे, मग तीन तास पुस्तक घेऊन बसे. मध्ये आम्ही तिच्या खोलीत गेलो नाही. एकदा ती म्हणाली, "मावशी, तुम्ही फिरायला आलात आणि मी तुम्हाला कुठेच नेलं नाही." आम्ही म्हटले, नेऊ नकोस.

रोझेल गाव तिच्या घरापासून मोटारीने अर्ध्या तासावर होते. तेवढेही जाणे जमले नाही. परीक्षेचा निकाल आला तेव्हा आम्ही इकडे परतलो होतो. पास झाली. तिने फोन केला तेव्हा तिच्या मागे कुकरची शिट्टी वाजत होती.

आम्हाला जिथे जायचे होते ते ठिकाण तर राहूनच गेले. आनंदीबाईंची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटरमावशींकडे पाठवली आणि त्यांनी ती आपल्या कुटुंबाच्या जागेत, न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी गावच्या दफनभूमीत ठेवली. तिथे आनंदीबाईंच्या नावाचा दगड आहे. जिने शाकाहारासाठी आणि धर्मासाठी तीन हिवाळे एवढे सोसले, तिचा शेवटचा विसावा एका ख्रिस्ती घराच्या आवारात, त्या घरच्या माणसांच्या ओळीत आहे. आम्हाला यात काही विपरीत वाटत नाही. ज्या घराने तिला उन्हाळ्यात वेळेवर जेवू घातले, त्याच घराने तिला जागा दिली.

आपल्यापैकी कोणी मुलांकडे न्यूयॉर्कला जाणार असेल तर ग्रँड सेंट्रल स्टेशनवरून हडसन नदीच्या काठाने जाणारी गाडी पोकीप्सीला जाते, सुमारे दोन तास लागतात. दफनभूमीचे नाव पोकीप्सी रूरल सिमेटरी. कार्पेंटर कुटुंबाची जागा विचारावी. आपल्या रिवाजाप्रमाणे एक खडा तिच्या दगडावर आमच्या नावाने ठेवावा, आणि शेजारीच कार्पेंटरमावशी असतील, एक त्यांच्यासाठीही.